सही केलेला कागद दाखवा : माझा अनुभव

संमतीचा कागद मागितल्यावर जी टोलवाटोलवी झाली, तिचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

निपाणीत माझी मावशी विड्या वळते. एका वाहिनीच्या माहितीपटात तिचं घर दिसलं. मावशीच्या मांडीवर सूप, आणि शेजारी सातवीतली नात, तिच्याही मांडीवर सूप. पोर रोज शाळेत जाते, विडी तिने कधी वळलेली नाही. "पोरीला जरा शेजारी बसवा म्हणाले, हातात पान द्या म्हणाले, मी दिलं," मावशी म्हणाली. वर तांदळाचा डबा उघडायला लावून रडकं संगीत. रेशन दोन दिवसांनी मिळणार होतं, हे कुठेच नाही.

आमची गरिबी दाखवू नका, असं मी म्हणत नाही. ठेकेदार 'छाट', म्हणजे खराब, म्हणून विड्या बाजूला काढतो, त्यांची मजुरी बुडते, तंबाखूच्या धुळीने खोकला जडतो. हे दाखवायलाच हवं. नेमकं तेच त्यांनी उरकून टाकलं. आणि पोरीला वर्गात मुली 'विडीवाली' म्हणू लागल्या.

तक्रार करणं सोपं गेलं. केबल टीव्हीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून वाहिनीने तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा असतो. पोच आली. निर्णयही आला : 'संबंधित व्यक्तीची लेखी संमती आमच्याकडे आहे.'

मग तो कागद दाखवा, म्हटलं. इथे गाडी रुतली. वाहिनी म्हणाली, कागद निर्मिती संस्थेकडे. संस्था म्हणाली, मूळ प्रत वाहिनीला दिली. ज्या स्थानिक माणसाने कॅमेरावाल्यांना घरापर्यंत आणलं, तो फोन उचलून "ताई, मी बेळगावला मीटिंगमध्ये आहे" एवढंच सांगायचा. पुन्हा वाहिनीला फोन केला की नवी व्यक्ती, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. एका बाईंनी तर विचारलं, "पण तुमच्या मावशींना प्रसिद्धी मिळाली ना?" घरातलं दारिद्र्य देशभर दाखवलं, त्याला ही प्रसिद्धी म्हणते! मध्येच मावशीचं अधिकारपत्र मागितलं. ते दिलं, तर म्हणे सही जुळत नाही. ज्या कागदावरची सही जुळवायची, तो कागद मात्र आमच्यापासून लपवलेला.

शेवटी फोटो आला. पूर्ण इंग्रजी मजकूर, जगात कुठेही, कोणत्याही माध्यमात, कायमचे हक्क. खाली मावशीची मराठीतली वाकडी सही. तारखेची जागा कोरी. आणि मुलीचं नाव कुठेच नाही! तिची आई त्या दिवशी कागलच्या एमआयडीसीत कामावर होती, तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मग मी पुढचं पत्र लिहिलं, आणि त्याचा मला अभिमान आहे. कायदा मोडून कामाला लावलेलं मूल हे काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल मानलं जातं, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख माध्यमांत उघड करता येत नाही. म्हणजे ती बालकामगार असेल तर तुम्ही कायदा मोडला, आणि नसेल तर तुमचं चित्रण खोटं. दोन्हीपैकी काय ते लिहून कळवा. यावर कुणी वाद घातला नाही. पुनःप्रसारणातून तो भाग काढला.

हे आधीच सांगायला हवं होतं : प्रसारणाची तारीख आणि वेळ लगेच लिहून ठेवा. वाहिनीला कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपावं लागतं, म्हणून पहिल्याच पत्रात ते जपून ठेवायला सांगा. १५ दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची (वाहिन्यांनीच मिळून उभी केलेली, तक्रारी ऐकणारी संस्था) सदस्य आहे तिथे अपील करता येतं. आणि दारात सही मागितली तर आधी मोबाईलवर कागदाचा फोटो काढा. फोटो काढू देत नसतील तर सही करू नका.

यूट्यूबची गोष्ट वेगळी. तिथे खासगीपणाची तक्रार ज्याची त्यानेच करायची असते, मुलांच्या बाबतीत पालकांनी. मी मावशी-भाची नातं सांगून उपयोग नव्हता. वाहिनीने स्वतःचा व्हिडिओ बदलला आहे, पण कुणीतरी तोच तुकडा आपल्या चॅनलवर चढवलाय. त्याची तक्रार मुलीच्या आईने कालच रात्रपाळीहून आल्यावर केली.