हे अंशतः खरे आहे

‘ऑन इट’ म्हणजे मेल अजून उघडलेला नाही. ‘ऑलमोस्ट डन’ म्हणजे उघडला, आणि काम वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. ‘जस्ट अ मायनर इश्यू’ म्हणजे घरच्यांनो, आज जेवायला थांबू नका. मिहान या नागपूरच्या उद्योग-वसाहतीतल्या कुठल्याही ऑफिसात थोडे दिवस काढले की एवढं इंग्रजी कोणालाही येतं, मग शाळा झेडपीची असो की कॉन्व्हेंट.

यातला माझा सगळ्यात लाडका शब्द ईओडी, म्हणजे एंड ऑफ डे. दिवस कोणाचा, ते कोणी सांगत नाही. आमचा क्लायंट न्यूयॉर्कचा. तिथे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा नागपुरात रात्रीचे अडीच झालेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली, की साडेतीन. त्यामुळे दुपारी चहा पिता पिता ‘टुडे ईओडी’ असं दिलदारपणे लिहून टाकता येतं. (ती रात्र जागायची कोणी, हा वेगळा मुद्दा.)

या इंग्रजीची खरी सोय आहे तिच्या क्रियापदांत. डेडलाइन स्लिप होते, टास्क स्पिलओव्हर होतो, तिकीट (म्हणजे कामाची नोंद) ब्लॉक होतं. सगळं आपोआप. माणूस कुठेच सापडत नाही. आमच्या नागपुरी बोलीत ही सोय नाही. ‘काय करून राहिला बे?’ असं विचारलं, की ‘करून राहिलो ना भाऊ’ असं थेट स्वतःच्या तोंडानं कबूल करावं लागतं. पुण्याची मंडळी या ‘राहिलो’ला हसतात. हसोत बापडी. काम चालू आहे आणि ते मीच करतोय, या दोन्ही गोष्टी एका दमात सांगणारं इतकं नेमकं स्टेटस मला कामांचा हिशेब ठेवणाऱ्या जिरा सॉफ्टवेअरच्या कुठल्याच रकान्यात दिसलेलं नाही.

पण एकट्या इंग्रजीलाच नावं कशाला ठेवायची? सरकारी मराठी या बाबतीत तिची सख्खी बहीण आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं, की सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड लागतात आणि विधानभवनात तारांकित प्रश्न. त्यांचा साचा ठरलेला. अमुक काम रखडले आहे, हे खरे आहे काय? असल्यास कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आमची रिव्ह्यू मीटिंग याहून वेगळी नसते. उत्तरंही ओळखीची: ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘कार्यवाही सुरू आहे.’ आणि शेवटी तो अजिंक्य ‘प्रश्न उद्भवत नाही.’ उशीर का झाला असं विचारल्यावर प्रश्नच उद्भवत नाही म्हणायची हिंमत मॅनेजमेंटच्या कुठल्या कोर्सात शिकवत असतील, असं मला वाटत नाही.

तारखा पुढे ढकलण्यात तर आमच्या विदर्भाचा हात कोण धरणार? गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींच्या घरात होता. पुढे तो हजारो कोटींवर गेला, २००९ साली प्रकल्प राष्ट्रीय झाला, आणि कालव्यांची कामं त्यानंतरही वर्षानुवर्षं चालूच राहिली. तिथे वाट पाहणारे शेतकरी आहेत, म्हणून यावर फार विनोद सुचत नाही.

ऑफिसात मात्र सुचतो. हल्ली आमच्या टीमनं चॅटवर विधानभवनाचीच भाषा सुरू केली आहे. हैदराबादच्या मॅनेजरनं परवा विचारलं, ‘पेमेंट मॉड्यूल डन?’ मी लिहिलं, ‘अंशतः.’ त्यानं लगेच अंगठा टाकला. शुक्रवारच्या रिपोर्टात बघतो, तर त्या ओळीसमोर हिरवा रंग.