एसटीच्या गर्दीत टिकणारी स्पायरल वही

दुकानात वही घेताना बहुतेक जण पहिलं पान उघडून त्यावरून बोट फिरवतात. मी आधी वही उलटी करून कडेची तार बघते. ही सवय मेढा-सातारा एसटीने लावली.

बीएस्सीला आहे, रोजची ये-जा. सकाळच्या गाडीला जागा मिळाली तर नशीब, नाहीतर दप्तर पोटाशी धरून उभं राहायचं आणि मागून-पुढून माणसं रेटतात ती त्या दप्तरालाच. पहिल्या वर्षी मी डबल वायरच्या देखण्या वह्या घेतल्या होत्या. कागद गुळगुळीत, अक्षर सुरेख यायचं. पण गणपती व्हायच्या आत तारेचे वळसे चेपून चपटे झाले. पान उलटताना अडायला लागलं, आणि मागच्या बाजूला तारेची दोन तोंडं जिथे मिळतात तिथे फट पडून एकेक पान सुटायला लागलं. पक्कड घेऊन तार गोल करून बघितली, पण एकदा चेपलेली तार परत तिथेच चेपते.

म्हणून दुसऱ्या वर्षाच्या वह्या घेताना मोती चौकातली दुकानं सावकाश फिरले. एका दुकानात मी एकेक वही उलटी करून कडेला दाबून बघत होते, तेव्हा गल्ल्यावरचे काका म्हणाले, "काय गं, वही बघतीयास का स्थळ?"
"स्थळच समजा काका, वर्षभर संसार करायचाय."
मग मात्र त्यांनी आतल्या फळीवरच्या वह्या काढल्या.

बांधणीचे प्रकार मुख्यतः तीन. डबल वायर टेबलावर सपाट उघडते, पूर्ण मागे दुमडता येते, दिसायलाही झकास. ज्यांचं दप्तर घरून गाडीवर आणि गाडीवरून बाकावर जातं, त्यांनी खुशाल घ्यावी. एकेरी धातूची स्पायरल तीही दबते, वर तिचं टोक नीट वळवलेलं नसेल तर ते ओढणीत, स्वेटरमध्ये अडकतं आणि ओढ बसली की स्क्रूसारखं फिरत बाहेर येतं. तिसरी प्लॅस्टिकची कॉइल. ती अंगठ्याने दाबली तर दबते आणि सोडली की परत गोल होते. माझ्या प्रवासाला हीच. टोकं मात्र तिचीही बघायची: दोन्ही बाजूंना आत वळवून दाबलेली हवीत.

त्यानंतर भोकं. भोक कागदाच्या कडेच्या अगदी जवळ असेल तर पान तिथूनच फाटतं, मग कागद कितीही जाड असो. आणि कॉइल पानांच्या गठ्ठ्यापेक्षा थोडी मोठी पाहिजे. घट्ट कॉइलमध्ये शेवटची पानं उलटताना कडेला ताण येतो. वही मधोमध उघडायची, मग शेवटचं पान उघडायचं. दोन्हीकडे पान सहज फिरलं तर ठीक.

कागदाच्या जाडीचा हिशेब मला सगळ्यात आवडला. वहीवर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. पण सगळ्याच वह्यांवर ते नसतं. ए-फोर कागद हा चौरस मीटरचा सोळावा भाग, त्यामुळे ७० जीएसएमचा एक कागद सव्वाचार ग्रॅमच्या थोडा वर भरतो. दोनशे पानी वही म्हणजे खरं तर शंभर कागद, कारण आपल्याकडे दोन्ही बाजू मोजतात. तर ७० जीएसएमची दोनशे पानी वही कव्हर सोडून ४४० ग्रॅमच्या आसपास आणि ५४ जीएसएमची ३४० च्या आसपास. आमच्या शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर मी जुन्या वह्या ठेवून बघितल्या, आणि "जाड कागद" म्हणून विकलेली एक वही तिथे उघडी पडली. फक्त आधी फूटपट्टीने माप घ्या, कारण ए-फोर म्हणून मिळणाऱ्या काही वह्या २१ बाय २९.७ सेंटिमीटर भरत नाहीत.

याच हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे खांदा. ८० जीएसएमच्या पाच दोनशे पानी वह्या म्हणजे नुसता कागदच अडीच किलो. शिवाय डबा, पाण्याची बाटली, छत्री, अॅप्रन. सगळे विषय एकाच जाडजूड वहीत घालणाऱ्या पाच विषयांच्या वह्याही मिळतात, पण ती एक हरवली की वर्ष हरवलं. मी विषयागणिक वेगळी शंभर पानी घेते आणि त्या दिवशीच्या तासांपुरत्याच नेते.

पावसाचं सांगायलाच हवं. जावळीतला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना छत्रीवर विश्वास ठेवायला सांगू नये. पुठ्ठ्याचं कव्हर कितीही चकचकीत असलं तरी कोपऱ्यातून ओल धरतं आणि फुगतं. प्लॅस्टिकचं कव्हर, ज्याला दुकानदार पीपी म्हणतात, ते घ्यावं. शाईचंही तेच: जेल पेनचं बरंचसं लिखाण पाण्याने पसरतं, साध्या बॉलपेनचं तेलकट असल्यामुळे टिकतं. जून ते सप्टेंबर मी जेल पेन घरी ठेवते.

प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी मात्र स्पायरलचा विचारच नको. पान काढून टाकता येईल अशी वही प्रयोगाच्या नोंदीला चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. तिथे कॉलेज सांगेल ती शिवलेली वही.

शेवटी दुकानातून मी दोनच वह्या घेतल्या, प्लॅस्टिक कॉइलच्या. किमतीबद्दल एक: वह्यांवर आधी १२ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. जुना माल असेल तर छापील किमतीवर विचारून बघायला हरकत नाही.

रसायनशास्त्राची वही मी करून घेतली. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्या दादांना ७५ जीएसएमचे कोरे कागद दिले, पुढे पारदर्शक शीट, मागे जाड पुठ्ठा आणि कॉइल एक माप मोठी घाला म्हटलं. "एवढी कशाला? ढिली वाटेल," ते म्हणाले. मला ढिलीच हवी होती. कोऱ्या पानावर बेंझिनची वलयं आणि बाणांनी भरलेल्या अभिक्रिया मोकळ्या काढता येतात. लिखाण सरळ यावं म्हणून खाली ठळक ओळींचा एक कागद सरकवते.

माझी मैत्रीण डावखुरी. डावीकडच्या कॉइलवर तिचा हात घासतो, म्हणून तिने तीच वही मागून पुढे लिहायला सुरुवात केली, म्हणजे कॉइल उजवीकडे येते. तिच्या नोट्स झेरॉक्सला दिल्या की दादा दर वेळी पानं उलट्या क्रमाने लावतात आणि ती दर वेळी भांडते. आता तिने पानांवर ठळक आकडे टाकलेत. इंग्रजीला मी घरातलीच उरलेली साधी वही वापरतेय, तो तास आठवड्यातून फार नसतो.