आमची वाटचाल: सेप्टिक टँकपासून गॅस आणि खतापर्यंत

मूळ धंदा सेप्टिक टँक बांधायचा. मोहोळ, होटगी, अक्कलकोटकडची कामं. टाकी भरली की गाडी बोलवायची, मैला कुठंतरी गावाबाहेर रिकामा व्हायचा. पुढं कुणी विचारायचं नाही. देहूला डॉ. मापुसकरांनी संडासाला बायोगॅसची टाकी जोडून, मैल्यापासून गॅस करून दाखवल्याला जमाना झाला, त्यामुळे नवीन शोध लावल्याचा आव आम्ही आणत नाही. इथल्या, सोलापूरकडच्या जमिनीत ते टिकवणं एवढंच आमचं काम.

आणि ते सोपं नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. गॅस साठतो त्या टाकीच्या घुमटाला केसाएवढी चीर गेली तरी गॅस निसटतो. म्हणून खड्डा ऐसपैस काढून भोवती मुरूम कुटतो. खर्च वाढतो, पण त्यात काटकसर नाही. ऊन मात्र आमच्या बाजूचं. मैला कुजवून गॅस करणाऱ्या जिवाणूंना तीस-चाळीस अंशांची ऊब लागते, ती सोलापुरात फुकट!

सुरुवातीला घरोघरी सांगत फिरलो. "असल्या गॅसवर नैवेद्य कसा करायचा ओ?" एका आज्जींनी विचारलं. वाद घातला नाही. खरं तर हिशेबही त्यांच्याच बाजूचा होता. माणशी दिवसाला साधारण एक घनफूट गॅस मिळतो; पाच माणसांच्या घरात शेगडी जेमतेम अर्धा तास चालणार. गोठा असेल, शेण जोडता येत असेल, तरच एका घराला परवडतं. मग वसतिगृहांकडे वळलो. तिथं डोकी भरपूर, आणि गॅस जातो अंघोळीच्या पाण्याला. नैवेद्याचा प्रश्नच मिटला.

खताचं गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. सोनखत, म्हणजे मैल्याचं खत, काय चीज आहे हे शेतकऱ्याला आम्ही काय सांगणार? उलट आवरावं लागतं. टाकीतून आलेली स्लरी, म्हणजे पातळ गाळ, तशीच भाजीला द्यायची नाही, कारण जंतांची अंडी टाकीतही सगळी मरत नाहीत. वाळवून, उसाच्या पाचटाबरोबर काही महिने कुजवून मगच डाळिंबाच्या आळ्यात.

संडासात ॲसिड, फिनाईल ओतणाऱ्यांचं काम घेत नाही. जिवाणू मेले की दोष मिस्त्रीला. बादली-बादली पाणी ओतणाऱ्यांनाही आधी कमी पाण्यात साफ होणारं, जास्त उताराचं भांडं बसवायला लावतो. आणि टाकीत माणूस उतरवत नाही. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहेच, पण गॅसच्या दाबानं स्लरी आपोआप बाहेर येते, तर उतरवायचं कशाला?