ठिणगी अडवणारी जाळी

कॅलिफोर्नियातल्या राष्ट्रीय वनांत ऑफ-रोड गाडी न्यायची तर एक्झॉस्टला स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणग्या अडवणारी जाळी, हवाच. पण सेकंडहँड घेतलेल्या आमच्या साइड-बाय-साइडच्या (दोघांनी शेजारी-शेजारी बसायच्या छोट्या ऑफ-रोड गाडीच्या) सायलेन्सरमधली ती जाळी आधीच्या मालकाने, बहुधा आवाज वाढावा म्हणून, काढून टाकली आहे, हे आज सकाळी आत टॉर्च मारल्यावर कळले. अमेरिकी वनसेवेच्या ५१००-१ या मानकानुसार जाळीचे छिद्र ०.०२३ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ०.५८ मिलिमीटरपेक्षा, मोठे चालत नाही, कारण कार्बनचा मोठा धगधगता कण वाळल्या गवतात पडला की वणव्याला तेवढे निमित्त पुरते. जाळी बसवण्याचे काम खरे तर वीस मिनिटांचे, परंतु एका गंजलेल्या बोल्टाने माझा दीड तास खाल्ला. तेल सोडून, हलके ठोकून, पाना मागे-पुढे करत तो अखेर कुरकुरत सुटला, तेव्हा तळहाताला फोड आला होता. नवी जाळी टोपीसारखी आत सरकवली आणि या वेळी आटे नीट साफ करून त्यांना अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचे वंगण) लावले. आवाज किंचित दबला आहे (शेजारी खूश असावेत). आता अधूनमधून ही जाळी काढून तारेच्या ब्रशने काजळी झाडावी लागेल, नाहीतर चढावर इंजिन गुदमरायचे.