पेट्रोलमध्ये इथेनॉल किती? घरीच बघा
गणपतीत चाकरमानी आले की वेंगुर्ल्यात एकच रड, ॲव्हरेज पडलं, पंपवाला पाणी मारतो. अरे बाबांनो, पाणी कशाला, इथेनॉल, म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल आहे ते आणि सरकारी धोरणानेच घातलेलं, 2022 मध्ये 10 टक्के होतं ते 2025 मध्ये 20 वर गेलं.

बघायचंच असेल तर शाळेच्या लॅबमध्ये असतो तसला काचेचा, खुणांचा सिलिंडर घ्या, बूचवाला. आधी 10 मिली पाणी, वर 50 मिली पेट्रोल, बूच लावून हलवा, पण मध्येमध्ये बूच सैल करून वाफ सोडा हां, नायतर उडेल. मग थोडा वेळ ठेवून द्या. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, त्यामुळे खालचा थर फुगतो, रेघ 10 वरून 20 च्या आसपास चढली की 10 मिली इथेनॉल, म्हणजे 20 टक्के. रेघ दिसत नसेल तर पाण्यात खायच्या रंगाचा थेंब टाका, वरच्या पेट्रोलला तो लागत नाही. एखाद-दोन टक्के इकडेतिकडे होणारच, तेवढ्यावरून पंपावर भांडायला जाऊ नका.

हे सगळं बाहेर अंगणात, मागीलदारी न्हाणीची चूल पेटलेली असेल तर तिकडे अजिबात नको. आणि नंतर ते मिश्रण परत गाडीत किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका.

पाणी न घालताच तळाला थर दिसला तर मात्र टाकीतच पाणी शिरलंय. पावसाळ्यात होड्या वर ओढल्यावर आउटबोर्डच्या (होडीच्या मागे बसवतात त्या इंजिनाच्या) टाकीत जुनं पेट्रोल पडून असतं, तिथे हे हमखास तपासा, थर दिसला तर टाकी रिकामी केल्याशिवाय इंजिनाची दोरी ओढायची नाही.