सा-३ ची पानगळ मी मागे घेतोय

मंडळी, गेल्या ऑक्टोबरात मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं होतं की सा-३ची, म्हणजे माझ्या नोंदीतल्या तिसऱ्या सागाची, पानगळ नऊ दिवस अलीकडे आली. त्याआधीच्या वर्षी २८ सप्टेंबर, गेल्या वर्षी १९ सप्टेंबर. सोबत वाढत्या उन्हाळ्यावर दोन परिच्छेद झाडले होते. तुमच्यापैकी काहींनी पाठ थोपटली होती, ती थाप परत घ्या. ती पानगळ नव्हतीच. अळीनं खाल्लेली पानं होती.

नवे असाल तर एवढंच सांगतो : चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी मामेभावाचं शेत आहे. त्याच्या बांधावर सात साग, दोन अंजन आणि एक आपटा मी नंबर घालून ठेवलेत. दर रविवारी सीझनवॉच या झाडांचे ऋतुबदल नोंदवणाऱ्या उपक्रमाच्या पद्धतीनं कोवळी, जून आणि पिकलेली पानं बघायची. 'नाही', 'थोडी' की 'भरपूर' ते लिहायचं. बाकी पक्ष्यांच्या पहिल्या-शेवटच्या नोंदी.

१७ ऑगस्टला सा-३खाली बसून 'पिकलेली – थोडी' लिहीत होतो. ऑगस्टातच, म्हणजे यंदा आणखी लवकर! मनातल्या मनात पुढचा परिच्छेदही तयार होता. शेजारी शेळ्या चारणारे एक बाबा बराच वेळ बघत होते. म्हणाले, "काय लिखी राह्यना भाऊ?" म्हटलं, सागाचं पान पिकायला लागलंय. त्यांनी हात वर करून एक पान खुडलं, उन्हाकडे धरलं आणि माझ्या हातात दिलं. "पिकेल नही. किडानी खादेल शे."

पान उन्हात धरलं तर पिठाची चाळण. शिरा सगळ्या शाबूत, मधला हिरवा गर गायब, फक्त वाळकं तपकिरी पापुद्र्याचं जाळं. लांबून ते झाड पिकल्यासारखंच दिसतं. आणि मी तीन वर्षं ते लांबूनच बघत आलो होतो, ८×४२च्या दुर्बिणीतून! एक पान खुडून बघायचं सुचलं नाही.

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की ही सागाची जुनी ओळखीची कीड. युटेक्टोना मॅकेरॅलिस, पानांची जाळी करणारी अळी. सागाचा दुसरा शत्रू हिब्लिया प्युएरा, तो पावसाच्या सुरुवातीला कोवळ्या पानांवर तुटून पडतो आणि जाड शिरांपुरतं पान ठेवतो. जाळीवाली मागाहून येते, जून झालेल्या पानांवर, आणि पावसाळा सरता सरता तिचा जोर वाढतो. भाद्रपदात सातपुड्याचे काही डोंगर अचानक करपल्यासारखे दिसतात ना, आणि शेजारचा धावडा-अंजन मात्र हिरवागार असतो? ते आपण 'शरद आला' म्हणून फोटो काढतो. माझ्याकडेच असे अकरा फोटो आहेत.

आता प्रश्न असा की खाल्लेली पानं वजा केली तर सा-३ची खरी पानगळ कधी? माझा जवळजवळ सगळा पावसाळा याच्यात गेला.

पहिला उपाय सोपा वाटला. हाताला येणारी एक फांदी जाळीत बांधायची, शेजारची उघडी ठेवायची. बाळाच्या मच्छरदाणीची भोकं मोठी, म्हणून कृषी केंद्रातून शेडनेटवाल्यांची ४० मेशची कीटकरोधक जाळी आणली. (ती घ्या. मऊ आहे, उन्हानं तडकत नाही, आणि दोन मीटर मागितली तरी दुकानदार नाक मुरडत नाही.) त्याच रविवारी, १७ ऑगस्टला, दुपारी बारा पानांची फांदी बांधून टाकली.

७ सप्टेंबरला जाळी सोडली आणि डोक्याला हात लावला. आतल्या बारापैकी नऊ पानांची चाळण! बाहेरच्या उघड्या फांदीवर बारापैकी चारच. संरक्षण दिलेली फांदी उघड्या फांदीपेक्षा जास्त खाल्लेली. जाळीच्या आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढे पिवळे पतंग बसलेले, पंखांवर गुलाबीसर नागमोडी रेघा.

दोन दिवस चरफडलो. मग उजेड पडला : मी कीड बाहेर ठेवली नव्हती, आत कोंडली होती. बांधताना अंडी पानांच्या खाली आधीच असणार. आणि जाळीमुळे कोतवाल, सुभग ही अळ्या खाणारी पाखरं आत येईनात, अळीच्या अंगात अंडी घालणारी बारकी गांधीलमाशीही येईना. बाहेरच्या अळ्यांना खाणारे होते, आतल्यांना कोणीच नाही. अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा साधारण तीन आठवड्यांचा, आणि मी बरोबर तीन आठवड्यांनी जाळी सोडली होती. पतंगांचं बाळंतपण केलं म्हणा ना.

दुसऱ्या खेपेला दुसरी फांदी घेतली. दहा पानं, प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्यानं पुसलं. सागाच्या पानाला खालून दाट लव असते, फडकं अडकत जातं. शेंड्याचं कोवळं पान चोळलं तर बोटं लाल होतात. दहा पानांना पाऊण तास लागला. अंडी भिंगाखालीही धड दिसत नव्हती, म्हणून विश्वासावर पुसत गेलो. पतंग शिरू नये म्हणून जाळीचं तोंड आधी कापसानं आणि मग सुतळीनं आवळलं.

५ ऑक्टोबरला, कोजागिरीच्या आदल्या दिवशी, उघडलं. दहाच्या दहा पानं हिरवी! एकाची कड जाळीला घासून फाटली होती, बस. शेजारच्या उघड्या फांदीवर दहापैकी आठ पानं जाळीदार, रस्त्यावरून बघाल तर 'पिकलेली – भरपूर'. त्या हिरव्या फांदीखाली उभा राहून मी एकट्यानंच शीळ घातली. मामेभाऊ कपाशीतून ओरडला, "काय सापडलं?" म्हटलं, काही नाही, काही झालेलं नाही हेच सापडलं.

तर आता वहीत फरक असा करतोय. पिकलेलं सागाचं पान सगळीकडून सारखं पिवळं पडतं, शिरांसकट, आणि देठापासून सुटून पडतं. खाल्लेलं पान शिरांमध्येच तपकिरी होतं आणि बरेच दिवस फांदीला लोंबत राहतं. लांबून बघायचं असेल तर सूर्य झाडाच्या मागे असताना बघा, पानातून उजेड गाळून येतो. ज्यांच्या यादीत साग आहे त्यांनी आपल्या ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या नोंदी एकदा तपासा. माझ्या सात झाडांच्या तीन वर्षांच्या सप्टेंबर नोंदी मी लाल पेन्सिलीनं कंस घालून ठेवल्यात. खोडलेल्या नाहीत, कारण त्या निदान अळीच्या नोंदी तरी आहेत.

चुकीच्या तारखेची भीती आपल्या खानदेशाला तरी कोणी सांगू नये. रानपिंगळा या दुर्मिळ घुबडाचा शेवटचा खरा नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ मध्ये इथूनच गोळा केला होता. पुढे माइनर्ट्झहागन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाचा १९१४ चा नमुना, गुजरातेतला म्हणून, पुस्तकांत बसला. तो मुळात संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ पिंगळा समोर बसलेला दिसला, ११३ वर्षांनी. माझं १९ सप्टेंबर कोणी चोरलेलं नाही, पण एक पान न खुडल्याचा फरक कमी नाही.

हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलंय. शरद म्हणजे पानगळ हे आपण शाळेत कुठून तरी उचललं. सागाची खरी गळ डिसेंबरनंतरची, अंजनाची त्याहून पुढची. भाद्रपद-आश्विनात आपल्याकडे गळतात ती पिसं. मामेभावाच्या धाकटीनं भुलाबाईच्या मखराला लावायला मोराची पिसं जमवली आहेत, तेलाच्या रिकाम्या डब्यात उभी करून. मोजली, ६१ भरली. तिला विचारलं कधी कधी सापडली, तर म्हणाली, "पोळ्याला चार, गणपतीत ढीगभर, दसऱ्यापासून एकपण नाही काका." मी तीन वर्षं पानांवर डोळे लावून बसलो आणि या पोरीनं पिसगळीचा आख्खा आलेख डब्यात ठेवलाय! अडचण एकच : तिथी इंग्रजी तारखेच्या मानानं दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे उडी मारते. म्हणून पुढच्या वर्षी तिला कॅलेंडर देतोय, पीस सापडलं की त्या तारखेवर टिंब. टिंबामागे एक लिमलेटची गोळी ठरली आहे. तिनं दोन मागितल्या, बोलणी चालू आहेत.

पिसगळ म्हटल्यावर बाकीचेही दिसायला लागले. गायबगळ्यांच्या डोक्यावरचा केशरी रंग उतरून फिकट बदामी झालाय, दहातले सातेक पांढरेफटक. सुगरणीच्या नरांचा पिवळा टोप विटलाय. जांभळा शिंजीर आता पिवळसर, पोटावर मधोमध काळी रेघ, जणू शाईची बाटली कलंडली. पुढच्या वहीत यांचा वेगळा रकाना.

बाकी नोंदी झटपट. करडा धोबी १४ सप्टेंबरला नाल्यावर, पांढरा २८ला गोठ्याच्या पत्र्यावर. चातकाची शेवटची नोंद २१ सप्टेंबर, पण शेवटची नोंद ही नेहमी शंकेची. हिरवट वटवट्या २८लाच, आणि कुठे? सा-५च्या खाल्लेल्या पानांत, अळ्या टिपताना. कपाशीवर संध्याकाळी पिवळ्या चतुरांचे थवे चार दिवस होते. हेच चतुर ऑक्टोबरात मालदीवला पोहोचतात आणि पुढे समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात, असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. थवा गेला त्या दिवशी वारा ईशान्येचा होता, एवढं मी लिहून ठेवलंय.

वहीबद्दल : ऑनलाइन मागवलेली साडेतीनशेची 'वॉटरप्रूफ' वही कोणी घेऊ नका. कागद भिजत नाही हे खरं, पण शाई बसतही नाही. ७ सप्टेंबरचं अर्धं पान माझ्या शर्टाच्या खिशावर उमटलंय. पुन्हा शाळेची दोनशे पानी आणि पेन्सिल.

जाळी काढून टाकणार होतो, आता नाही काढत. तोंड तसंच आवळून ठेवतो, फक्त तळाला थोडा झोळ देतो. फांदीवरची पानं आपणहून पिकून पडतील तेव्हा त्या झोळातच अडकतील. मला रविवारी जाऊन मोजायचं तेवढं काम. पाखरांची चोच, शेळीचं तोंड, वारा, काही मध्ये नाही. सावलीमुळे एखाद-दुसरा आठवडा फरक पडेल का, हे कोणी करून बघितलं असेल तर सांगा. नसेल तर सा-६वर अर्धीच जाळी लावून मी बघतो.

आणि श्रीखंडाच्या डब्यात मलमल बांधून ठेवलेली शेवटची अळी काल रात्री पतंग झाली. सकाळी बायकोनं झाकण उघडलं. तो सध्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइटवर आहे.