उत्तर बरोबर, पण कशावरून?

सुट्टीत घरी आलं की एक प्रश्न हमखास येतो: अमेरिकेत तिसरी ते पाचवीत मुलांना शिकवतात तरी काय? बहुतेकदा त्यामागे 'तिकडचं गणित कच्चंच ना?' ही शंका असते. लेक आता पाचवीत आहे, तेव्हा तिच्या दप्तरातल्या कागदांच्या भरवशावर लिहिते.

इथे शिक्षण राज्यांच्या हातात, देशभर एकच अभ्यासक्रम नाही. 2010 साली 'कॉमन कोअर' ही सामाईक उद्दिष्टं आली, बहुतेक राज्यांनी ती घेतली, काहींनी पुढे बदलली. टेक्सस आणि व्हर्जिनिया पहिल्यापासून बाहेर. आमची शाळा कॉमन कोअरच्या वळणाची आहे.

तिसरी संपेपर्यंत एकअंकी संख्यांचे गुणाकार तोंडपाठ हवेत, एवढीच पाठांतराची अपेक्षा. चौथीत 23 गुणिले 47 आलं की मुलं चौकोन आखून त्याचे चार भाग करतात: 800, 140, 120 आणि 21. बेरीज 1081. हातचा कुठेच नाही. आपली उभी मांडणी येते पाचवीत, आणि भागाकाराची नेहमीची रीत तर सहावीत! व्हिडिओ कॉलवर हे बघून आजोबा म्हणाले, "एवढ्यात माझी तीन गणितं झाली असती." झालीच असती. चौकोनांमुळे गुणाकार आतून कसा चालतो ते दिसतं हे मान्य, पण ते फार दिवस चालतात असं माझं मत. घरी वीसपर्यंतचे पाढे आम्ही करून घेतोच.

अपूर्णांकांना मात्र माझी मनापासून दाद. आम्ही अंश-छेद शिकलो आणि लगेच लसावि काढायला लागलो. इथे तिसरीत अपूर्णांक संख्यारेषेवर बसवतात. तीन-चतुर्थांश म्हणजे शून्य आणि एकच्या मधली एक ठरलेली जागा, हे आधी पक्कं होतं. चौथीत विचारतात, 5/12 मोठा की 3/5? लसावि 60 काढायची गरजच नाही. बारातले सहा म्हणजे अर्धा, पाच त्याहून कमी. पाचातले तीन अर्ध्याहून जास्त. झालं. वेगवेगळ्या छेदांची बेरीज थेट पाचवीत, तोवर उत्तर साधारण किती यावं याचा अंदाज मुलांना आलेला असतो. 1/2 आणि 1/3 मिळून 2/5 असं कोणी लिहिलं तर शेजारचंच मूल म्हणतं, अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून कमी?

उत्तराखाली दोन ओळी मोकळ्या असतात: 'तुला हे कशावरून कळलं?' त्या कोऱ्या सोडल्या तर पूर्ण गुण नाहीत.

वाचनातही हाच ससेमिरा. गोष्टीतला मुलगा घाबरला होता, असं लिहिलं की कुठल्या वाक्यावरून ते दाखवायचं. पाचवीत ते वाक्य जसंच्या तसं अवतरणात द्यायचं. गोष्टींइतकंच माहितीपर वाचनही असतं. चौथीत एकाच घटनेचे दोन वृत्तांत शेजारी ठेवतात, एक प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा, दुसरा नंतर कोणी लिहिलेला, आणि कोणी काय सांगितलं, काय गाळलं ते शोधायला लावतात. दहा वर्षांच्या मुलांना हे जमतं, यावर माझा आधी विश्वास नव्हता.

लेखन तीन प्रकारचं: मत, माहिती, गोष्ट. आमच्या निबंधात अलंकारिक सुरुवातीला शाबासकी मिळायची. इथे टीचर कारणं मोजतात. पाठांतर मात्र लेकीच्या वर्गात जवळजवळ नाहीच. कविता घोळक्यात मोठ्यानं म्हणायची मजा तिला ठाऊक नाही, याची हळहळ वाटते.

या वयाच्या मुलांना घेऊन कोणी इकडे येत असेल, तर पाढ्यांची काळजी नको. कारण लिहून दाखवायची सवय लावा. तिसरीपासून आठवीपर्यंत दरवर्षी वाचनाची आणि गणिताची सरकारी चाचणी असते, तिथे ती लागते. आणि मोजमापं दोन्ही पद्धतींची येतात: मीटर-किलोही, फूट-पौंडही. एका पौंडात 16 औंस, हे आम्ही अजून फ्रिजवर चिकटवलेला कागद बघूनच सांगतो.